जुनी ब्रिटिश बालसाप्ताहिके: ओळखायची, वाचायची आणि जपायची कशी

ब्रिटिश मुलांच्या कॉमिक्सशी आपल्याकडच्या वाचकांची ओळख बहुधा तुकड्यातुकड्यांनी झालेली असते. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर किंवा घराजवळच्या रद्दीवाल्याकडे खिशात मावणारे ‘कमांडो’ हाती लागलेले असते, इंग्लंडात राहणाऱ्या एखाद्या आत्याने पुतण्यासाठी ‘बीनो’चे पुठ्ठाबांधणीचे वार्षिक आणलेले असते, किंवा भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयात मुखपृष्ठ हरवलेला एखादा अंक वाचलेला असतो. पुढे त्या चित्रांची आठवण येत राहते, पण अंकाचे नाव, वर्ष, प्रकाशक यांपैकी काहीच नीट सांगता येत नाही. ज्यांना ही आठवण पुन्हा हातात धरायची आहे आणि ज्यांना या कॉमिक्सची ओळख नव्याने करून घ्यायची आहे, अशा दोघांसाठी हे मार्गदर्शन आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. ही मुळात साप्ताहिके होती. अमेरिकन कॉमिक बहुधा महिन्याला निघते आणि त्यात एखाद्या नायकाची एक कथा असते. ब्रिटिश अंकात मात्र दर आठवड्याला अनेक मालिका शेजारी शेजारी नांदत असत. कुणाला अर्धे पान मिळे, कुणाला एक, तर कुणाला तीन-चार. मुले पॉकेटमनीतून तो अंक विकत घेत, भावंडांत आणि शाळेत फिरवत, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत त्याचा चोळामोळा झालेला असे. म्हणूनच या कॉमिक्सचा खरा आनंद एखाद्या दुर्मीळ अंकात शोधू नये. तो ओळीने आलेल्या साध्यासुध्या अंकांत सापडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: आठवण कोणत्या काळातली आहे, ते ठरवणे

मुखपृष्ठ शाबूत असेल, तर आधी किंमत पाहावी. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान चलन स्वीकारले. त्याआधी १२ पेन्सांचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड होत असे, आणि जुन्या पेन्सासाठी रोमन ‘डी’ हे अक्षर वापरत. त्यानंतरच्या नव्या पेन्साला ‘पी’ हे अक्षर आहे. त्यामुळे किमतीपुढे ‘डी’ असेल, तर अंक १९७१ च्या सुमाराच्या आधीचा, आणि नुसते ‘पी’ असेल, तर त्यानंतरचा, असे सहसा धरता येते. संक्रमणाच्या काळात काही अंकांवर दोन्ही किमती छापलेल्या आढळतात. १९३८ सालचा ‘बीनो’चा पहिला अंक दोन जुन्या पेन्सांना होता, १९५० चे ‘ईगल’ तीन जुन्या पेन्सांना, आणि १९७७ चे ‘२००० एडी’ आठ नव्या पेन्सांना. एवढे तीन आकडे लक्षात ठेवले, तरी सापडलेला अंक कोणत्या दशकातला असावा, याचा अंदाज बांधता येतो.

‘कमांडो’च्या बाबतीत मात्र हा अंदाज जपून बांधावा. हे पुस्तक १९६१ पासून अखंड निघते आहे, प्रत्येक अंकात दुसऱ्या महायुद्धाच्या पार्श्वभूमीवरची बहुधा एकच संपूर्ण कथा असते, आणि जुन्या कथा काही वर्षांनी नव्या क्रमांकाने पुन्हा छापल्या जातात. आपण लहानपणी वाचलेली ब्रह्मदेशच्या आघाडीवरची कथा त्यामुळे दोन वेगवेगळ्या क्रमांकांखाली सापडू शकते. शोध घेताना क्रमांकावर विसंबू नये. कथेचे शीर्षक धरून शोधावे.

दुसरी पायरी: दोन घराणी ओळखणे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली बहुतेक ब्रिटिश बालसाप्ताहिके दोन मोठ्या घराण्यांतली आहेत. एक घराणे स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या डी. सी. थॉमसन या कंपनीचे. ‘डँडी’च्या पहिल्या अंकावर ४ डिसेंबर १९३७ ही तारीख आहे आणि ‘बीनो’च्या पहिल्या अंकावर ३० जुलै १९३८. ‘टॉपर’, ‘बीझर’, मुलांसाठी ‘व्हिक्टर’ आणि ‘वॉरलॉर्ड’, मुलींसाठी ‘बंटी’, आणि वर सांगितलेले ‘कमांडो’ ही सगळी याच घरची. दुसरे घराणे लंडनचे. अमॅल्गमेटेड प्रेसचे १९५९ मध्ये फ्लीटवे झाले आणि पुढे ते आयपीसी या मोठ्या समूहात गेले. ‘लायन’, ‘टायगर’, ‘बस्टर’, ‘व्हॅलियंट’, ‘विझर अँड चिप्स’, ‘टॅमी’, ‘बॅटल’ आणि ‘२००० एडी’ ही या घरची अपत्ये.

‘ईगल’ या दोन्हींहून वेगळ्या घरी जन्मले. साउथपोर्टजवळच्या बर्कडेल इथले धर्मगुरू मार्कस मॉरिस यांना अमेरिकेतून येणाऱ्या भयकॉमिक्सची चिंता वाटत होती, आणि मुलांना त्याहून चांगले, देखणे काही द्यावे या इच्छेने त्यांनी हल्टन प्रेसच्या मदतीने १४ एप्रिल १९५० रोजी हे साप्ताहिक सुरू केले. मुखपृष्ठावर फ्रँक हॅम्पसन यांनी रंगवलेला अंतराळवीर डॅन डेअर असे. हॅम्पसन यांचे साहाय्यक गणवेश चढवून उभे राहत, त्यांची छायाचित्रे घेतली जात, अंतराळयानांचे नमुने बनवले जात, आणि मग त्यावरून चित्रे काढली जात. आठवड्याला जेमतेम दोन रंगीत पानांसाठी एवढा खटाटोप कोणी केला असेल, यावर ती पाने पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही. आतल्या पानांवर आगगाड्या, विमाने, जहाजे यांचे अंतरंग उघडून दाखवणारी चित्रे असत. यंत्रांची आवड असलेल्या वाचकाने ‘ईगल’पासूनच सुरुवात करावी.

थॉमसनच्या विनोदी अंकांची चित्रे याच्या अगदी उलट स्वभावाची आहेत. १९५१ च्या मार्चमध्ये डेव्हिड लॉ यांचा डेनिस ‘बीनो’त आला, १९५३ मध्ये लिओ बॅक्सेंडेल यांची मिनी आणि केन रीड यांचा रॉजर आले, आणि १९५४ मध्ये बॅक्सेंडेल यांच्या ‘बॅश स्ट्रीट’ शाळेतली मुले आली. बॅक्सेंडेल यांच्या एका चौकटीत वीस-पंचवीस मुले एकमेकांच्या अंगावर कोसळत असतात आणि त्यांतला प्रत्येक जण काहीतरी वेगळा उपद्व्याप करत असतो. ती चौकट घाईने ओलांडू नये. याच सुमारास ‘बीनो’चा खप शिगेला पोहोचला होता, आणि एप्रिल १९५० मधल्या एका अंकाच्या सुमारे पावणेवीस लाख प्रती खपल्याची नोंद आहे.

चित्रकार ओळखायला शिकणे हाही या पायरीचाच भाग आहे, कारण अंकात त्यांची नावे क्वचितच छापत. थॉमसनमध्ये सही करण्याची मुभा होती ती मुख्यतः डडली वॉटकिन्स यांना, म्हणजे ‘डँडी’तल्या डेस्परेट डॅनच्या चित्रकाराला. बाकीच्यांचा हात नाकांवरून, बुटांवरून, धावणाऱ्या पायांमागच्या रेघांवरून ओळखावा लागतो. ‘२००० एडी’ने सुरुवातीच्या वर्षांतच लेखक, चित्रकार आणि अक्षरकार यांची नावे छापायला घेतली, हे त्या साप्ताहिकाचे मोठे काम आहे.

तिसरी पायरी: जोडनावांचा उलगडा

नवा वाचक सर्वांत जास्त गोंधळतो तो इथे. एखादे साप्ताहिक चालेनासे झाले, की प्रकाशक ते सरळ बंद करत नसे. वाचकांना मोठी आनंदाची बातमी आहे असे जाहीर करून ते दुसऱ्या, जास्त खपाच्या साप्ताहिकात विलीन केले जाई. पुढचे काही आठवडे मुखपृष्ठावर दोन्ही नावे झळकत, मग दुसऱ्या नावाची अक्षरे बारीक होत जात, आणि एके दिवशी ते नाव नाहीसे होई. चांगल्या चालीच्या दोन-तीन मालिका तेवढ्या नव्या घरी टिकत.

ही साखळी किती लांब जाते ते पाहण्यासारखे आहे. १९६९ मध्ये ‘ईगल’ ‘लायन’मध्ये गेले. १९७४ मध्ये ‘लायन’ ‘व्हॅलियंट’मध्ये गेले. १९७६ मध्ये ‘व्हॅलियंट’ ‘बॅटल’मध्ये गेले. १९८२ मध्ये ‘ईगल’ हे नाव नव्याने सुरू झाले, आणि १९८८ मध्ये ‘बॅटल’ त्या नव्या ‘ईगल’मध्ये विलीन झाले. विनोदी अंकांतही हेच घडले: ‘शिव्हर अँड शेक’ ‘हूपी’त, ‘हूपी’ १९८५ मध्ये ‘विझर अँड चिप्स’मध्ये, ‘विझर अँड चिप्स’ १९९० मध्ये ‘बस्टर’मध्ये, आणि ‘बस्टर’ २००० सालच्या जानेवारीत कायमचे बंद. म्हणून एखादी मालिका आठवत असेल आणि ती आठवणीतल्या साप्ताहिकात सापडत नसेल, तर ते साप्ताहिक कुणाला गिळून मोठे झाले आणि शेवटी कुणाच्या पोटात गेले, हे आधी पाहावे. मालिका बहुधा तिथेच सापडते.

‘विझर अँड चिप्स’ची रचना तर मुळातच दुहेरी होती. १९६९ मध्ये ते एका अंकात दोन कॉमिक्स अशा जाहिरातीने सुरू झाले. ‘चिप्स’ हा आतला अर्धा भाग बाहेर ओढून वेगळा करता येई. दोन्ही भागांचे वाचक प्रतिस्पर्धी मानले जात, आणि सिड व त्याचा साप एका बाजूचे, तर काळ्यानिळ्या डोळ्याचा शायनर दुसऱ्या बाजूचा म्होरक्या असे. दर आठवड्याला एका बाजूचे पात्र दुसऱ्या बाजूच्या एखाद्या चौकटीत गुपचूप घुसे, कधी कुंपणाआडून डोकावे, कधी खिडकीतून, आणि ते शोधून काढणे हा वाचकांचा खेळ असे. असा अंक विकत घेताना आतला भाग जागेवर आहे ना, हे न विसरता विचारावे. कित्येक मुलांनी तो सांगितल्याप्रमाणे वेगळा काढलेला असतो.

चौथी पायरी: वाचनाची सुरुवात पुनर्मुद्रणांपासून

जुने अंक गोळा करण्याआधी पुस्तकरूपात आलेले संग्रह वाचावेत. ऑक्सफर्डच्या रिबेलियन या कंपनीने २००० साली ‘२००० एडी’ विकत घेतले आणि २०१६ व २०१८ मध्ये फ्लीटवे-आयपीसीचा फार मोठा जुना संग्रहही मिळवला. तेव्हापासून लंडनच्या घराण्यातल्या मालिका नीटनेटक्या पुस्तकांत येऊ लागल्या आहेत, आणि त्यांतल्या अनेक डिजिटल स्वरूपातही मिळतात, म्हणजे भारतात बसून वाचणाऱ्याला टपालखर्चाची काळजी नाही.

एकच संग्रह घ्यायचा असेल, तर ‘चार्लीज वॉर’ घ्यावा. पॅट मिल्स यांचे लेखन आणि जो कोलहून यांची चित्रे असलेली ही मालिका जानेवारी १९७९ मध्ये ‘बॅटल’मध्ये सुरू झाली. चार्ली बोर्न हा सोळा वर्षांचा कामगार मुलगा वय वाढवून सांगतो, १९१६ मध्ये सैन्यात भरती होतो आणि थेट पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत जाऊन पडतो. त्याची घरी लिहिलेली पत्रे शुद्धलेखनाच्या चुकांसह पानावर येतात. पत्रात तो आईवडिलांना सगळे ठीक असल्याचे सांगतो आणि शेजारच्या चौकटीत चिखल, उंदीर आणि मेलेले सोबती दिसतात. युद्धाच्या गौरवावर चालणाऱ्या साप्ताहिकात युद्धाविरुद्ध इतके ठामपणे बोलणारी कथा वर्षानुवर्षे छापली गेली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

पुनर्मुद्रण वाचताना एक पथ्य पाळावे. प्रत्येक भाग तीन-चार पानांचा असतो, सुरुवातीला मागचा सारांश असतो आणि शेवटी नायक संकटात लटकत ठेवलेला असतो. पन्नास भाग एका बैठकीत वाचले, तर तीच ती पुनरुक्ती कंटाळा आणते. दिवसाला एक-दोन भाग वाचले, तर त्याच रचनेची चव कळते.

पाचवी पायरी: खरे अंक विकत घेणे

एक साप्ताहिक निवडावे, एक वर्ष निवडावे, आणि त्यातले दहा-बारा सलग अंक एकगठ्ठा घ्यावेत. १९७० आणि १९८० च्या दशकांतले साधे अंक तुलनेने स्वस्त मिळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले फार कमी उरले आहेत, कारण तेव्हा कागदाची टंचाई होती, ‘बीनो’ आणि ‘डँडी’ एकाआड एक आठवड्याने निघत, आणि वाचून झालेली रद्दी युद्धासाठी गोळा केली जाई. पहिल्या अंकांच्या मागे नवशिक्याने मुळीच लागू नये. ‘डँडी’च्या पहिल्या अंकाची, सोबत भेट दिलेल्या शिट्टीसह, एक प्रत २००४ मध्ये लिलावात २०,३५० पौंडांना गेली, त्या शिट्टीशिवायच्या प्रतीला तेवढे मोल नाही. ‘बीनो’च्या पहिल्या अंकासोबत मुखवटा होता, ‘२००० एडी’सोबत हवेत भिरकावायची चकती. मुलांनी या वस्तू खेळून मोडल्या, म्हणूनच त्या दुर्मीळ आहेत. शिवाय गाजलेल्या पहिल्या अंकांच्या हुबेहूब नव्या प्रतीही प्रकाशकांनी काढलेल्या आहेत, आणि केवळ छायाचित्र पाहून त्यांतला फरक ओळखणे अवघड असते.

विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात: मधली पाने सुटलेली आहेत का, पिना गंजल्या आहेत का, कूपन किंवा स्पर्धेचा कोपरा कापलेला आहे का, आणि पाने कडेने ठिसूळ झाली आहेत का. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला आकडा किंवा आडनाव दिसले, तर तो दोष मानू नये. वृत्तपत्रविक्रेता घरपोच द्यायच्या अंकावर घराचा क्रमांक असा टिपून ठेवत असे, आणि तो अंक कुणाच्या तरी दारात पडला होता याची ती खूण आहे.

मुलींच्या साप्ताहिकांकडे संग्राहक कमी वळतात, आणि माझ्या मते ही त्यांची मोठी चूक आहे. १९५८ ते २००१ एवढा काळ चाललेल्या ‘बंटी’त ‘फोर मेरीज’ ही वसतिशाळेतल्या चार मैत्रिणींची कथा जवळपास शेवटपर्यंत चालली. १९७८ ते १९८० एवढाच काळ टिकलेल्या ‘मिस्टी’तल्या भयकथा आणि ‘जिंटी’तल्या विज्ञानकथा त्या काळच्या मुलग्यांच्या बहुतेक साहसकथांपेक्षा जास्त गुंतागुंतीच्या आहेत, त्यांतल्या मुली एकट्या पडतात, फसवल्या जातात, चुकीचा मोह धरतात आणि त्याचे फळ भोगतात. ‘बंटी’च्या मागच्या पानावर कापून घ्यायची कागदी बाहुली आणि तिचे कपडे असत. साहजिकच हजारो मुलींनी कात्री चालवली, आणि मागचे पान शाबूत असलेला जुना अंक मिळणे ही भाग्याची गोष्ट आहे.

पुठ्ठाबांधणीची वार्षिके नाताळच्या भेटीसाठी शरद ऋतूत निघत आणि त्यांवर पुढच्या वर्षाचे साल असे. १९७९ चे वार्षिक म्हणजे १९७८ च्या नाताळचे. त्याहून जुन्या अनेक वार्षिकांवर साल छापलेलेच नसते. ती स्वस्त आणि टिकाऊ असली, तरी जड असल्यामुळे भारतात मागवताना टपालखर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त होतो. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या नातलगांना धर्मादाय दुकानांत नजर ठेवायला सांगणे आणि येताना सामानात आणायला लावणे, हा मार्ग अधिक परवडतो.

सहावी पायरी: आपल्या हवेत जपणूक

हा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा आहे. त्यातल्या लाकडी अंशामुळे तो उजेडात आणि उष्णतेत पिवळा पडतो, आणि मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात त्याला बुरशी व कसर लागते. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून ठेवावा. पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नयेत, त्या कालांतराने चिकटतात. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे, माळा टाळावा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. डांबराच्या गोळ्या कागदाला लागून ठेवू नयेत. पावसाळा संपल्यावर कोरड्या दिवशी, सावलीत, सगळे अंक एकदा उलगडून पाहावेत.

वाचताना खटकेल असेही काही

या कॉमिक्सवर प्रेम असणाऱ्यानेही काही गोष्टींकडे काणाडोळा करू नये. ‘बीनो’च्या सुरुवातीच्या शीर्षकपट्टीवर कृष्णवर्णीय मुलाचे हिणकस व्यंगचित्र होते. डी. सी. थॉमसनच्या ‘वुल्फ ऑफ काबूल’ या कथामालेत वायव्य सरहद्दीवरचा ब्रिटिश हेर आणि क्रिकेटच्या बॅटने शत्रूंची डोकी फोडणारा त्याचा आशियाई साथीदार चुंग दिसतो, आणि साम्राज्याचा हक्क तिथे गृहीतच धरलेला असतो. कॉमिक्सच्या आधीच्या ‘मॅग्नेट’ या कथासाप्ताहिकात तर हरी जमसेत राम सिंग नावाचा एक भारतीय नबाब विद्यार्थी आहे. तो मित्र म्हणून प्रामाणिक आणि क्रिकेटमध्ये तरबेज आहे, पण त्याची वेडीवाकडी इंग्रजी हाच त्याच्यावरचा कायमचा विनोद आहे. भारतीय वाचकाने हे राग गिळून वाचण्याची गरज नाही. त्या काळचा समाज आपल्या मुलांना काय शिकवत होता, ते इथे इतिहासाच्या पुस्तकापेक्षा स्पष्ट दिसते. डेनिसच्या जुन्या कथांचा शेवट वडिलांच्या सपातेच्या माराने होतो. आजच्या मुलांना अंक देण्याआधी पालकांनी तो स्वतः वाचून घ्यावा.

प्रकाशकही टीकेतून सुटले नाहीत. १९७६ च्या फेब्रुवारीत सुरू झालेले ‘ॲक्शन’ त्यातल्या हिंसेमुळे इतके वादग्रस्त ठरले, की ऑक्टोबरमध्ये ते मागे घेतले गेले आणि छापून तयार असलेला एक अंक नष्ट करण्यात आला. काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १९७७ या तारखेचा ‘२००० एडी’चा पहिला अंक आला, आणि पुढच्याच अंकात भविष्यातला कठोर कायदेरक्षक जज ड्रेड. त्याच तऱ्हेची हिंसा भविष्यकाळात नेऊन ठेवल्यावर ती चालून गेली. ‘ॲक्शन’चा एक संग्रह आणि ‘२००० एडी’चे सुरुवातीचे अंक शेजारी ठेवून वाचले, तर हा बदल डोळ्यांसमोर घडताना दिसतो.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर

ब्रिटनला जाणे होणार असेल, तर लंडनचे कार्टून म्युझियम आणि डंडी शहर ही दोन ठिकाणे ठरवून घ्यावीत. डंडीच्या मध्यवस्तीत डेस्परेट डॅन आणि मिनी यांचे पुतळे आहेत. जुने अंक वाचायचे असतील, तर ब्रिटिश लायब्ररीत वाचकपत्र काढावे लागते आणि हवे ते खंड आधी मागवून ठेवावे लागतात. त्यासाठी साप्ताहिकाचे नाव आणि तारखा घरूनच टिपून न्याव्यात.

‘डँडी’चा छापील अंक ४ डिसेंबर २०१२ रोजी, पंच्याहत्तराव्या वाढदिवशी, बंद झाला. ‘बीनो’ आणि ‘२००० एडी’ मात्र आजही दर आठवड्याला निघतात, ‘कमांडो’ही चालू आहे, आणि २०१२ पासून ‘फिनिक्स’ हे नवे साप्ताहिक त्याच जुन्या रीतीने अनेक मालिका एका अंकात देते. घरात आठ-दहा वर्षांचे मूल असेल, तर जुन्या अंकांबरोबर यांपैकी एकाचे तीन-चार सलग अंक त्याच्यासाठी आणावेत, आणि त्याने ते दुमडले, रंगवले, कापले तरी हरकत घेऊ नये.